स्थिती उत्तम

त्रिशलाला तिसऱ्यांदा उलटी झाली तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. अक्षता बारा वाजून दहा मिनिटांनी होत्या.

सुकुमार मगदूम नवरीच्या खोलीच्या दारात उभे होते. आत बायकांचा गराडा, त्यामुळं शिरता येईना, आणि मांडवात जायचं म्हटलं तर पाय निघेना. हे मंगल कार्यालय जतच्या पुढं, उघड्या माळावर, मुलाकडच्यांनी ठरवलेलं. सांगलीहून काल संध्याकाळी इथवर यायलाच दोन तास लागले होते. एप्रिलचं ऊन एवढ्या सकाळी पत्र्यावर तडतडायला लागलं होतं.

प्रत्येकीकडं उत्तर तयार होतं. एक मावशी म्हणाली, कालची बासुंदी जड होती. दुसरी म्हणाली, अक्षता पडेपर्यंत नवरीनं उपाशी राहायचं म्हणजे पित्त होणारच. तिसरीनं तर मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला सुरुवातही केली होती. घाबरलेलं कुणीच नव्हतं. लग्नघरात नवरी रडते, नवरीला चक्कर येते, यात नवल ते काय? घाबरले होते ते एकटे सुकुमार, आणि आपण कशाला घाबरलोय हे त्यांना कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्यांची बायको राजमती गर्दीतून वाट काढत बाहेर आली आणि त्यांना कोपऱ्यात ओढून हळूच म्हणाली, "फोन बघितला काय?"

"चारदा बघितला. हा बघ की."

फोनवर हिरवं वर्तुळ होतं आणि खाली दोन ओळी. 'स्थिती उत्तम. मात्रेची गरज नाही.'

"मापाडी म्हणतोय सगळं ठीक आहे," सुकुमार म्हणाले.

"त्याला म्हणू दे काय म्हणायचं ते. पोरीचे हात बर्फ झाल्यात, अहो. एवढ्या उकाड्यात हात गार पडतात होय?"

सुकुमारांनी पुन्हा एकदा त्या हिरव्या वर्तुळाकडं बघितलं. बिचारा माणूस दुसरं काय करणार?

मापाडी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हयात गेली होती, हळदीची प्रतवारी करण्यात. यार्डात माल तोलून वजन सांगणारा तो मापाडी. हा मापाडीही तेच काम करायचा, फक्त त्रिशलाच्या दंडावर बसून.

अडीच वर्षांपूर्वी त्रिशलाची बोटं सुजली, गालांवर लाल चट्टे उठले आणि तपासणीत मूत्रपिंडालाही त्रास असल्याचं निघालं. मिरजेच्या डॉक्टर इनामदारबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, ल्युपस. रोगजंतूंशी लढणारी शरीराची फौज आपल्याच माणसांवर उलटते, असा हा आजार. त्या फौजेला आवरायला स्टेरॉइड द्यायचं. नाव ऐकूनच सुकुमार खुर्चीतून उठले. तेव्हा बाईंनी त्यांना समोर बसवून नीट समजावलं होतं.

"मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहानशा ग्रंथी असतात, मगदूम. त्या रोज कॉर्टिसोल नावाचा रस तयार करतात. रक्तदाब टिकवणं, रक्तातली साखर सांभाळणं, ताप असो, उलट्या असोत, अपघात असो, कुठलाही धक्का झेलणं, हे सगळं त्या रसावर चालतं. आपण देतो ते औषध त्याच रसाचं जोरकस भावंड आहे. सूज झटकन उतरवतं, जीव वाचवतं. पण बाहेरून भरपूर माल यायला लागला की घरचा कारखाना बंद पडतो. त्या ग्रंथी झोपी जातात. मग औषध एकदम तोडलं तर त्यांना जागं व्हायला महिने लागतात."

"म्हणजे आवक बंद, आणि गोदामात पण काही न्हाई," सुकुमार म्हणाले होते.

"अगदी बरोबर. म्हणून तीन गोष्टी. औषध आपल्या मनानं कधीही बंद करायचं नाही, कमी करायचं ते हळूहळू आणि मला विचारून. ताप आला, उलट्या झाल्या तर मात्रा वाढवायची आणि मला लगेच कळवायचं. आणि तिसरं, ही लाल डबी. हिच्यात इंजेक्शन आहे. ही कायम तिच्याजवळ पाहिजे, आणि तिला काय झालंय हे तिच्या आसपासच्या माणसांना माहीत पाहिजे. माहीत नसेल तर डबी असून उपयोग नाही."

पहिलं वर्ष गोळ्यांवर गेलं. त्रिशला वाचली, पण तिचा चेहरा पुरीसारखा फुगला, झोप उडाली, वजन चढलं. त्याच काळात एक स्थळ आलं. सुकुमारांनी भाबडेपणानं सगळं खरं सांगितलं. मंडळी चहा पिऊन, मुलगी फार गुणी आहे असं म्हणून गेली ती गेलीच. पुढं आणखी दोन ठिकाणी तसंच झालं. त्यानंतर सुकुमार बदलले. आजार या शब्दाची त्यांना आजारापेक्षा जास्त भीती वाटायला लागली.

मग मापाडी आला. 'समतोल' नावाच्या कंपनीनं काढलेला. तांदळाएवढा एक दाणा दंडाच्या कातडीखाली बसवायचा. त्या दाण्यात एक रंगद्रव्य असायचं. अंगात औषध पुरेसं असलं की ते निळ्या प्रकाशात हिरवट चमकायचं, कमी पडलं की विझायचं. कातडीवर नाण्याएवढी एक चकती चिकटवायची. ती दर मिनिटाला निळा प्रकाश टाकून आतली चमक मोजायची आणि केसाहून बारीक सुयांमधून हवं तेवढंच औषध सोडायची. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, अगदी ग्रंथी सोडतात तसं. गरज नसेल तेव्हा थेंबही नाही. फुगलेले चेहरे उतरले, ठिसूळ होणारी हाडं सावरली. दमेकरी, संधिवाताचे, आतड्याच्या सुजेचे, सगळे रोगी चारचौघांसारखे दिसू लागले.

आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. पूर्वी गोळ्यांच्या डब्या दिसायच्या, चेहरा दिसायचा, शेजारीपाजारी ओळखायचे. आता औषध इतकं बिनबोभाट झालं की कुणाच्या बाहीखाली चकती आहे हे नवऱ्याला बायकोचं कळेना. दिवाळीनंतर चकतीची नवी आवृत्ती आली, तिला तर महिन्याची रक्ततपासणीही लागत नसे. लोकांनी आजाराची ओळखपत्रं ड्रॉवरमध्ये टाकली. लाल डब्या कपाटात गेल्या. उलटी-तापाला मात्रा वाढवायचं कामही लोकांनी चकतीवरच सोडलं. औषध सुरक्षित झालं आणि माणसं बेसावध झाली.

जतच्या चौगुल्यांचं स्थळ आलं तेव्हा सुकुमारांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. धवल चांगला मुलगा होता, पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. त्रिशला म्हणाली, "बाबा, मी त्याला सांगते." सुकुमार म्हणाले, "लग्न झाल्यावर सांग. आधी सांगितलंस तर तुला माझी शपथ आहे." पोर गप्प बसली. चौगुल्यांकडं रीत अशी की वरमाई आणि तिच्या जावा नवरीची बॅग स्वतः उघडून तीत आपल्याकडच्या साड्या रचतात. म्हणून शनिवारी बॅग भरताना सुकुमारांनी त्रिशलानं नीट खणात ठेवलेली लाल डबी काढली आणि सांगलीच्या घरी, आपल्या कपाटात ठेवून दिली. तिला सांगितलंही नाही. दोन दिवसांत काय होतंय, असं त्यांना वाटलं.

दहा वाजता त्रिशला पाटावरून उठायला गेली आणि तिथंच कोसळली.

आता मात्र बायकांची तोंडं बंद झाली. कुणीतरी "डॉक्टर, डॉक्टर" करत धावलं आणि धवलच्या मामेभावाला, प्रसन्नला, घेऊन आलं. "मी दातांचा डॉक्टर आहे बरं का," त्यानं दारातूनच सांगून टाकलं, पण माणूस कामाचा निघाला. धवलच्या आजोबांचं रक्तदाबाचं यंत्र मागवून त्यानं ते त्रिशलाच्या हाताला बांधलं. आकडा बघून त्याचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा मोजलं.

"वरचा पंचाहत्तर. ॲम्ब्युलन्स बोलवा. आणि हे बघा, हिला काही जुना आजार आहे का? कुठलं औषध चालू आहे का?"

त्याच्या मागं वरमाई उभ्या होत्या, विजयमालाताई चौगुले. जरीची साडी, कपाळावर घामाचे थेंब, एका हातानं दाराची चौकट धरलेली. त्यांच्या मागं दोन जावा. दारात स्वतः धवल, मुंडावळ्या हातात धरून. राजमतीनं नवऱ्याकडं बघितलं. त्या नजरेत आता सांगून टाका अशी विनवणी होती, हे सुकुमारांना स्पष्ट दिसलं.

"नाही," सुकुमार म्हणाले. "कसलं औषध न्हाई. तब्येतीची एकदम चांगली आहे ती."

फोन त्यांच्या खिशात होता आणि फोनवर स्थिती उत्तम होती. तेवढ्याच काडीवर ते तरंगत होते.

"मग उन्हानं आणि उपाशीपणानं असेल," प्रसन्न म्हणाला, पण त्याला ते पटलेलं दिसत नव्हतं. "सलाईन मिळतंय का बघतो, पुढच्या गावात औषधाचं दुकान आहे. तोवर पाय उंच करा, थोडी हवा येऊ द्या."

विजयमालाताईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, पडदे ओढले. खोलीत अंधार झाला. राहिले फक्त आईबाप आणि गादीवर पडलेली पोर.

"बाबा," त्रिशला पुटपुटली. तिची जीभ जड झाली होती. "पेपर सुरू झाला काय? मला हॉल तिकीट सापडंना."

सहा वर्षांपूर्वी पदवी घेतलेली मुलगी हॉल तिकीट शोधत होती. राजमतीनं तोंडाला पदर लावला.

सुकुमार गुडघ्यांवर बसले. चकती लपावी म्हणून मुद्दाम लांब बाह्यांचा ब्लाउज शिवलेला, तो घामानं दंडाला चिकटला होता. त्यांनी बाही वर सारली. चकती जागेवर होती, आपलं काम इमानेइतबारे करत होती. मिनिट भरलं आणि तिच्या कडेखालून निळा उजेड किंचित झिरपला.

आणि सभोवतीची कातडी पेटल्यासारखी पिवळी-हिरवी चमकली.

सुकुमार हलले नाहीत. त्यांनी पुढचं मिनिट मोजत काढलं. पुन्हा निळा उजेड, पुन्हा तीच चमक. ही चमक त्यांच्याएवढी कोण ओळखणार होतं? यार्डात आता हळदीची पारख निळ्या दिव्याखालीच होई. हळदीत कुर्क्युमिन नावाचं पिवळं द्रव्य असतं, ते जितकं जास्त तितकी हळद त्या दिव्याखाली जास्त चमकते. दिवसाला दोनशे नमुने ते असे बघत.

काल सकाळी सांगलीला घरी हळद लागली होती. त्रिशलाची चकती दोन तास काढून ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं, बायकांना दिसायला नको म्हणून. आणि हळद काय साधी होती? सुकुमार मगदूमांच्या पोरीची हळद! अख्ख्या सौद्यातून हुडकून काढलेली, नऊ टक्के कुर्क्युमिनची, नव्या वाणाची. बायकांनी खांद्यापासून मनगटापर्यंत चोळली होती. मग पोरीनं साबणानं दंड धुतला आणि पिवळ्याधमक कातडीवर चकती परत चिकटवली.

त्या क्षणापासून मापाडी फसला होता. तो आतल्या दाण्याची चमक मोजायला गेला आणि मोजत राहिला वरची हळद. एवढी चमक म्हणजे अंगात औषध उतू चाललंय, असं समजून त्यानं नळ बंद केला. गजर कशाचा वाजवणार? त्याच्या लेखी यापेक्षा चांगला दिवस उगवलाच नव्हता. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनी गोरी कातडी तपासली असेल, काळी तपासली असेल, मेंदी आणि गोंदणही तपासलं असेल. पण जिथं माणसाला लग्नाआधी हळदीत बुडवून काढतात, तिथल्या कुणाला विचारायचं त्यांना सुचलं नसेल.

काल अकरापासून आत्तापर्यंत, तेवीस तास. झोपलेल्या ग्रंथी, रिकामं पोट, उलट्या, आणि औषधाचा एक थेंब नाही.

ते उठले. दारापर्यंत चार पावलं होती. खरं सांगायचं तर त्या चार पावलांतही त्यांच्या मनात आलंच, की प्रसन्नला बाजूला घेऊन गुपचूप सांगता येईल, बाकीच्यांना कळायचं कारण नाही. भीतीची सवय अशी सहजासहजी सुटत नाही. पण मागून पोर पुन्हा म्हणाली, "बाबा, मला सापडंना," आणि त्यांनी दार सताड उघडलं.

"मी खोटं बोललो," ते मोठ्यानं म्हणाले. व्हरांड्यातली सगळी माणसं वळली. "तिला ल्युपस आहे. ती स्टेरॉइडवर आहे, आणि कालपासून तिला थेंबभर पण मिळालेलं न्हाई. हळदीमुळं चकती फसलीय. डॉक्टरांना बोलवा, आधी डॉक्टरांना बोलवा!"

प्रसन्न सलाईनसाठी गाडी काढतच होता, तो पळत आला. दोन वाक्यांत त्याला समजलं. "हायड्रोकॉर्टिझोन पाहिजे. आत्ता. ती लाल डबी देतात ना प्रत्येकाला? कुठाय?"

"सांगलीला. कपाटात." सुकुमार म्हणाले. "मीच ठेवली."

धवल त्यांच्याकडं बघत राहिला. "काका, मला सांगायचं होतं," एवढंच तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता आणि तो खोलीत गेला, त्रिशलाच्या उशाशी बसला.

"ॲम्ब्युलन्स?" प्रसन्ननं विचारलं.

"चाळीस मिनिटं म्हणतात," कुणीतरी म्हणालं.

प्रसन्ननं खाली बघितलं. "चाळीस मिनिटं नाहीत आपल्याकडं," तो हळू आवाजात म्हणाला.

मांडवातून सनईची रेकॉर्ड ऐकू येत होती. आणि मग विजयमालाताईंनी कमरेची पिशवी उघडली, आतून रुमाल काढला, किल्ल्या काढल्या आणि तळातून एक लाल डबी काढून प्रसन्नच्या हातात दिली.

"आत्या?" प्रसन्न म्हणाला.

"संधिवात आहे मला. दोन वर्षं झाली." त्या कुणाच्याच डोळ्यांकडं बघत नव्हत्या. "नवी सून यायची, आणि सासू अंथरुणाला खिळणार अशी बातमी तिच्या घरी जायला नको म्हणून गप्प बसले. धवलला पण माहीत न्हाई. घे, टोच तिला."

प्रसन्ननं डबी उघडली नाही. त्यानं त्यांच्या हिरव्या चुड्याच्या वर, जरीच्या काठाखाली, हळदीनं पिवळ्या झालेल्या कातडीकडं बघितलं. "आत्या, काल तुम्हाला पण हळद लावली होती."

"वरमाईला लावतातच की. मगदूमांनीच धाडली होती डबा भरून."

"आणि सकाळपासून?"

त्या चौकट सोडत नव्हत्या. आता सगळ्यांनाच दिसलं की त्या चौकटीला टेकून उभ्या नव्हत्या, चौकटीला लटकल्या होत्या. "गरगरतंय जरा," त्या म्हणाल्या. "वाटलं, लग्नाची दगदग."

इंजेक्शन एक होतं.

सुकुमारांना त्या वेळी काय बोलायला हवं होतं ते पक्कं ठाऊक होतं. भल्या माणसानं म्हणायचं असतं, नको विहीणबाई, आधी तुमचं बघा. ते बोलले नाहीत. त्यांची नजर त्या डबीवर खिळली होती, आणि कुणी ती परत पिशवीत टाकू पाहिली असती तर त्यांनी हिसकावून घेतली असती. पुढं कितीतरी दिवस त्यांना या गोष्टीची लाज वाटत राहिली, पण तेव्हा लाजेला जागाच नव्हती.

"अरे, बघत काय बसलायस?" विजयमालाताई भाच्यावर खेकसल्या. "ती आडवी झालीय, मी उभी आहे अजून. टोच म्हणते ना!"

प्रसन्न आत गेला. धवलनं त्रिशलाचा पाय धरला, आणि शालूवरूनच, मांडीच्या स्नायूत, सुई गेली. मग प्रसन्न बाहेर आला आणि त्यानं विजयमालाताईंना जवळजवळ उचलूनच खुर्चीत बसवलं.

"गोळ्या आहेत का जवळ? साध्या जुन्या गोळ्या?"

"चकती आल्यापासून गोळ्या कोण ठेवतंय बाबा."

"तुम्ही गिळू शकताय तोवर गोळ्या मिळाल्या पाहिजेत. उलट्या सुरू झाल्या तर काही उपयोग नाही." त्यानं मांडवाकडं बघितलं. आठशे माणसं होती. "कुणाकडं तरी असतील. पण कोण सांगणार?"

सुकुमार मांडवाकडं निघाले. धावले म्हटलं तरी चालेल. उपाध्ये माईकसमोर मंगलाष्टकांची वही उलटत बसले होते. सुकुमारांनी त्यांच्या हातातून माईक घेतला. तो गुळगुळीत दांडा त्यांच्या घामट हातातून निसटत होता. सनई बंद झाली आणि आठशे तोंडं त्यांच्याकडं वळली.

"मी नवरीचा बाप," ते म्हणाले. "माझ्या पोरीला आजार आहे. मी तो लपवला, आणि म्हणून ती आत मरायला टेकलीय. विहीणबाईंना पण औषध पाहिजे. मला स्टेरॉइडच्या गोळ्या पाहिजेत, इंजेक्शन पाहिजे. ज्याच्याकडं असेल त्यानं द्यावं. आणि ज्याच्या दंडावर चकती असेल आणि काल-परवा हळद लागली असेल, त्यानं फोनवर विश्वास ठेवू नका. फोन ठीक म्हणतोय, ते खोटं आहे. पुढं या. लाजू नका. हात जोडतो, लाजू नका."

कुणी उठलं नाही.

पंख्यांचा आवाज येत होता. माणसं एकमेकांकडं बघत होती, कोण उठतंय म्हणून. सुकुमारांना वाटलं, संपलं. यांनाही आपल्यासारखीच भीती आहे, आणि ही भीती किती चिवट असते ते आपल्याला ठाऊक आहे.

मग चौथ्या रांगेतले एक फेटेवाले आजोबा उठले. काही न बोलता त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. त्यांच्या शेजारची त्यांची म्हातारी तोंड वासून बघत राहिली, तिलाही ठाऊक नव्हतं. मागून एक तरुण उठला, धवलचाच मित्र, काल हळदीत सगळ्यात जास्त नाचलेला. मग बायकांच्या बाजूनं एक करवली, हुंदके देत. एकेक बाही वर होत गेली. एका शिक्षकाच्या खिशातून दम्यावरच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची जुनी पट्टी निघाली. एका काकूंच्या पर्समधून दुसरी लाल डबी निघाली. त्यांच्या नवऱ्यानंच ती हात उंच करून व्हरांड्यापर्यंत पळत नेली.

विजयमालाताईंनी चार गोळ्या पाण्याच्या घोटाबरोबर गिळल्या आणि डोळे मिटून बसून राहिल्या. प्रसन्न त्यांची नाडी धरून होता, दुसरी डबी मांडीवर उघडी ठेवून. अकरा वाजायला आले तेव्हा खोलीतून राजमतीची हाक आली. सुकुमार आत गेले. आकडा नव्वदवर आला होता. त्रिशलाचे डोळे उघडे होते, आणि या खेपेला त्या डोळ्यांत ओळख होती.

"बाहेर काय चाललंय?" तिनं विचारलं. "तुमचा आवाज येत होता माईकवर."

"सगळ्यांना सांगितलं," सुकुमार म्हणाले.

धवलचा हात तिच्या हातात होता, तो तिनं सोडला नाही. सुकुमार भिंतीला टेकले आणि पोरासारखे रडले.

ॲम्ब्युलन्स माळावरून येताना दिसली तेव्हा ते बाहेर येऊन उभे राहिले आणि त्यांनी 'समतोल'च्या मदत क्रमांकावर फोन लावला. एका तरुण मुलीनं गोड आवाजात नमस्कार केला. सुकुमारांनी श्वास न घेता सगळं सांगितलं, हळद, निळा उजेड, चकती. मध्येच त्यांना वाटत होतं, ही आपल्याला खुळ्यात काढणार.

"सर, तुमच्या मुलीची नोंद मला दिसते आहे," ती मुलगी म्हणाली. "तिची स्थिती उत्तम आहे."

"ताई, ती आत्ता मरत होती."

"पण सर, यंत्रणेत काहीच बिघाड नाही. आज तर एकही तक्रार नाही आमच्याकडे. उलट आजचा दिवस सगळ्यात चांगला आहे. सकाळपासून अख्ख्या महाराष्ट्रात दोन हजार तीनशे एक्केचाळीस जणांना औषधाची गरजच पडलेली नाही. एवढे चांगले आकडे आम्ही कधी बघितले नव्हते."

सुकुमारांनी माळावर नजर टाकली. म्हणजे चकती फसायला त्यांची नऊ टक्क्यांची हळदच लागत होती असं नाही. किराणा दुकानातली साधी हळदही पुरत होती. आणि आज लग्नाची मोठी तिथी होती. या एका माळावरच समोरासमोर तीन कार्यालयं होती आणि तिन्हींवर झेंडूची तोरणं होती.

"ताई," ते म्हणाले, "ती बरी झालेली माणसं न्हाईत. त्यांचं औषध बंद पडलंय. तुम्हाला तुमच्या साहेबांना सांगायचं असेल तर मागनं सांगा. आधी फोन लावा. एकेकाला."

मग ती मुलगी बोलली तेव्हा तिचा तो शिकवलेला गोडवा गेला होता. एवढीशी पोरगी होती ती, घाबरलेली.

"काका, कुणापासून सुरुवात करू?"

"ज्याचा आकडा सगळ्यात चांगला आहे," सुकुमार म्हणाले, "त्याच्यापासून."

तिनं कळा दाबल्याचा आवाज आला. आपल्याकडची लाईन तोडायची ती गडबडीत विसरली, त्यामुळं तिकडची घंटी सुकुमारांना स्पष्ट ऐकू येत होती. ती वाजत होती. कुठल्यातरी लग्नघरात, कुणाच्यातरी पर्समध्ये किंवा कोपऱ्यातल्या बॅगेत, वाजत होती आणि कुणी उचलत नव्हतं.